शेती करणाऱ्या मुलाने कॉलेजला जावे का?



मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि मृगाच्या तोंडावर घरात दोन हिशेब एकाच वेळी सुरू होतात. एक बी-बियाणे, खतांचा आणि दुसरा मुलाच्या प्रवेशाचा. पैसा मात्र एकच असतो. त्यामुळे शेतकरी मेळाव्यात पिकावरील रोग-किडींच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न हमखास येतो, की मुलाला शेवटी शेतीच करायची असेल, तर चार वर्षे कॉलेजात घालवून उपयोग काय? याच्या नेमके उलट मतही तितक्याच ठामपणे मांडले जाते. पदवीशिवाय आता कोणी विचारत नाही, तेव्हा एकर-अर्धा एकर विकावे लागले तरी चालेल, पण मुलगा शिकलाच पाहिजे.

या दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. मात्र दोन्हींत एक गृहीत धरलेली गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. आपल्याकडे साधारणपणे हुशार मुलगा शहराकडे पाठवला जातो आणि ज्याचे शाळेत मन लागले नाही, त्याच्या हाती शेती दिली जाते. "शिकला तर नोकरी, नाही तर शेती आहेच" ही वाटणी आपण फारसा विचार न करता करतो. शेतीतील निर्णय दरवर्षी अवघड होत असताना ते निर्णय घेण्याचे काम घरातील सर्वांत कमी शिकलेल्या मुलाकडे जावे, यात कुटुंबाचे मोठे नुकसान आहे. पदवीचा विचार या नुकसानीपासून सुरू करणे योग्य ठरेल.

पूर्वी शाळेवाचून चालत होते, ते का?

आपले आजोबा शाळेत न जाता उत्तम शेती करत होते, हे खरे आहे. शेती अर्थशास्त्रातील कामासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात हेच मांडले होते. परंपरागत शेती करणारा शेतकरी गरीब असला, तरी हाती असलेल्या साधनांचा तो काटकसरीने आणि शहाणपणाने उपयोग करतो. तेच बी, तेच शेणखत, तोच नांगर आणि पिढ्यानपिढ्यांचा अनुभव एवढ्यावर भागत असेल, तर शाळेतील शिक्षणाची फारशी उणीव भासत नाही. वडिलांना जे ठाऊक असते, तेच मुलाला पुरते.

साधने बदलू लागली, की अनुभव अपुरा पडू लागतो. वडिलांनी कधी न पाहिलेले वाण, खत किंवा औषध मुलासमोर येते. हरितक्रांतीच्या काळातील भारतीय शेतकरी कुटुंबांच्या माहितीचा अभ्यास करून अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झवाइग यांनी १९९६ मध्ये असे दाखवले, की जेथे नव्या वाणांमुळे तंत्र वेगाने बदलले तेथे शिकलेल्या शेतकऱ्याला शिक्षणाचा फायदा अधिक मिळाला. त्यातही हा फायदा प्राथमिक शिक्षणापासूनच दिसू लागला होता. म्हणजे शेतीला शिक्षण लागते, पण शिक्षण म्हणजे पदवीच असे नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणावर भर दिला होता आणि त्यात शेतीविषयक प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, असे सुचवले होते. तेव्हाचा सरकारी खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे अधिक झुकलेला होता. पाया आधी पक्का करावा, हा त्यांचा आग्रह आजही शेतकरी कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. सातवीपर्यंतचे गणित कच्चे राहिलेल्या मुलाला पुढे पदवीला घातले, तरी ती उणीव भरून निघत नाही.

शेतात कोणते शिक्षण उपयोगी पडते?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या पिकासाठी एकरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद आणि २५ किलो पालाश द्यावयाचे आहे. दुकानात १०:२६:२६ हे मिश्रखत मिळते. ५० किलोच्या एका पोत्यात नत्र ५ किलो आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी १३ किलो असते. दोन पोती दिली, की स्फुरद आणि पालाशाची गरज भागते आणि नत्र १० किलो मिळते. उरलेले ४० किलो नत्र युरियातून द्यावयाचे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून सुमारे ८७ किलो युरिया लागेल. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली आहे, म्हणजे दोन गोण्यांना थोडे कमी. हा युरिया एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्याने द्यावा लागतो.

हे सारे शाळेतील शेकडेवारीचे गणित आहे. तरीही अनेक ठिकाणी दुकानदार सांगेल तेवढी पोती गाडीत टाकली जातात. द्राक्षबागेत जिबरेलिक ॲसिड वापरताना १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध द्रव्य म्हणजे १० पीपीएम, हाही हिशेब याच दर्जाचा आहे. त्यात दशांश चिन्ह एक घर चुकले, तर मण्यांचे काय होते हे बागायतदारांना सांगायला नको.

आता दुसरे उदाहरण, ज्यात नुसते गणित पुरत नाही. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर अनेक वर्षे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पिशवी दिली जात असे. ती शेताच्या कडेने आश्रयपीक म्हणून लावावयाची होती. पुष्कळांनी ती लावलीच नाही. "ज्या कपाशीला अळी लागणार, ती मुद्दाम का लावायची?" हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता. उत्तर असे, की बिगर-बीटी झाडांवर वाढलेले पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी संकर करतात आणि अळीत प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. हे समजण्यासाठी आनुवंशिकता थोडी तरी माहीत असावी लागते. आश्रयपिकाकडे झालेले दुर्लक्ष, वर्षानुवर्षे घेतलेली फरदड आणि इतर कारणे एकत्र येऊन गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झाले, ते आपण पाहिलेच आहे.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले. त्यामागे अनेक कारणे होती आणि सारा दोष फवारणी करणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतात, ते औषध कोणत्या पिकासाठी शिफारस केलेले आहे आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये हे सोबतच्या पत्रकात छापलेले असते, एवढे वाचण्याची सवय घरातील एकाला तरी हवी. पत्रकातील अक्षर फार बारीक असते, ही तक्रार रास्तच आहे.

निर्यातीच्या शेतीत तर याहून पुढचे ज्ञान लागते. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि माल अडकला. द्राक्षबागायतदार शेतीत मागे होते, असे कोणी म्हणणार नाही. बागेत चालणारे औषध खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत चालेलच असे नाही, हे मात्र त्या वर्षी महागात शिकावे लागले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या बागायतदारांपैकी अनेकांकडे कृषी पदवी नव्हती. आपल्या संघाची चर्चासत्रे, एकमेकांच्या बागांच्या भेटी आणि शास्त्रज्ञांना विचारलेले खोचक प्रश्न यांतून ते शिकत गेले. मात्र शिकण्यासाठी लागणारे वाचन, लेखन, नोंदी ठेवणे आणि हिशेब हे त्यांच्याकडे होते.

मग कृषी पदवीत काय मिळते?

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोल्याचे १९६९ मध्ये आणि परभणी व दापोलीची १९७२ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या अखत्यारीतील महाविद्यालयांत कृषीबरोबरच उद्यानविद्या, वनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, मत्स्यशास्त्र असे निरनिराळे पदवी अभ्यासक्रम आहेत. बी.एस्सी. (कृषी) हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम आहे. मृदाशास्त्र, कृषीविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण असे विषय त्यात असतात आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. आपल्या गावात आलेले "कृषिदूत" आणि "कृषिकन्या" आपल्याला ठाऊक आहेतच.

ज्या कामाला कायद्याने किंवा भरतीच्या नियमाने पदवी लागते, तेथे पदवीला पर्याय नाही. राज्याच्या कृषी सेवेतील अधिकाऱ्यांची परीक्षा, बँकेतील कृषी अधिकारी, संशोधन आणि अध्यापन ही अशी कामे आहेत. कृषी सेवा केंद्र काढण्याचे अनेकांच्या मनात असते. २०१५ मध्ये केंद्र सरकारने खते आणि कीटकनाशके यांच्या विक्री परवान्यासाठी शैक्षणिक अर्हता ठरवून दिली. त्यामुळे नवीन दुकान काढणाऱ्यास संबंधित विषयातील पदवी, पदविका किंवा मान्य अभ्यासक्रमाची अट पाहावी लागते. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेचा एक वर्षाचा 'देसी' अभ्यासक्रम आहे. कृषी पदवीधरांना स्वतःचा व्यवसाय उभारता यावा म्हणून २००२ मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू झाली. तीत मोफत निवासी प्रशिक्षण आणि नाबार्डमार्फत बँक कर्जाशी निगडित अनुदान यांची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण गटासाठी ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के असे त्याचे प्रमाण ठरवले गेले.

घरची शेती सांभाळण्यासाठी पदवी आवश्यक आहे का, याचे उत्तर मात्र "नाही" असेच द्यावे लागेल. जमीन कोणाला पदवी विचारत नाही. पदवी घेऊन आलेल्या मुलालाही स्वतःच्या रानाची ओल, उतार, चोपण पट्टा, विहिरीचे उन्हाळ्यातील पाणी आणि बाजारातील अडत हे सारे नव्याने शिकावेच लागते. चार वर्षांत त्याला "का" हे समजते. "कसे" हे त्याला वडिलांच्या हाताखाली शिकावे लागते. ज्या घरात वडील मुलाला एक-दोन एकर वेगळे देऊन त्याचे प्रयोग करू देतात, तेथे पदवीचे चीज होते. जेथे पदवीधर मुलाने बैठकीत बोलायचे नाही आणि खताच्या दुकानदाराचे मात्र ऐकायचे असा प्रकार असतो, तेथे खर्च वाया जातो.

खर्चाचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. शासकीय आणि विनाअनुदानित महाविद्यालयांच्या शुल्कात बराच फरक असतो. शुल्काशिवाय वसतिगृह, खानावळ, पुस्तके, प्रवास हे आहेच. त्यात मुलाच्या चार वर्षांच्या कामाचा मोबदला मिळवावा, कारण तो घरी नसला म्हणजे त्याच्या जागी गडी लावावा लागतो.

समजा, दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख रुपये शैक्षणिक कर्ज काढले. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत एवढ्या रकमेला तारण लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चालू राहते. व्याज १० टक्के धरले आणि सवलत मिळाली नाही, तर पाच वर्षांच्या शेवटी व्याजाचे सुमारे १ लाख ४० हजार होतात. ५ लाख ४० हजारांची फेड दहा वर्षांत करावयाची म्हटले, तर महिना सुमारे ७ हजार १०० रुपये हप्ता पडतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून खोलीभाडे, जेवण आणि हा हप्ता भागतो का, की हप्ता पुन्हा शेतीच्या उत्पन्नातूनच भरावा लागणार, हे आधी पाहावे.

एक खर्च मात्र या हिशेबात बहुधा कोणीच धरत नाही. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याच्या पेठांत खोली, मेस आणि अभ्यासिका यांवर होणारा तो खर्च आहे. पदवीची चार वर्षे ठरलेली असतात, या वर्षांना मात्र शेवट नसतो. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी असतात, हे मुलालाही माहीत असते आणि वडिलांनाही, पण बोलत कोणी नाही. आमचे मत असे, की मुलगा निघण्यापूर्वीच किती वर्षे, किती प्रयत्न आणि दरमहा किती पैसे हे घरात मोकळेपणाने ठरवावे. ती मुदत संपल्यावर मुलगा परत आला, तर त्याला "हरून आला" असे कोणी म्हणू नये. अशा बोलण्याच्या भीतीनेच कित्येक मुले आणखी दोन वर्षे तेथे काढतात.

जमीन विकून शिक्षण करावे का, या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. एवढ्या जमिनीत दोन-तीन भावांचे संसार चालणार नाहीत. घरातील एखाद्याने शेतीबाहेरचे काम धरणे ही शेती टिकवण्याचीही गरज आहे आणि त्यासाठी केलेला शिक्षणाचा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. मात्र विकलेला एकर परत मिळत नाही. शिष्यवृत्ती, शुल्क सवलत, कर्ज आणि कमी खर्चाचा अभ्यासक्रम हे चार मार्ग तपासून झाल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावू नये.

मुलीच्या शिक्षणाबाबत

वरील सर्व विवेचनात आपण "मुलगा, मुलगा" म्हणत आलो. निंदणी, खुरपणी, वेचणी, दूध यांतील बरेच काम घरातील बायका-मुली करतात. तरीही पैशाची ओढाताण झाली, की पहिल्यांदा मुलीचे शिक्षण थांबते. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला. कृषी अभ्यासक्रमही त्यात आहेत. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ही सवलत नाही, हे विसरू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या स्वतंत्र योजना आहेत.

पदवीखेरीज इतर वाटा

ज्या मुलाला शेतीच करावयाची आहे आणि चार वर्षे बाहेर राहणे परवडत नाही, त्याच्यासाठी दहावीनंतरची मराठी माध्यमातील कृषी पदविका चांगली आहे. कमी काळात, कमी खर्चात ती पुरी होते आणि कृषी खात्यातील गावपातळीच्या पदांसाठीही उपयोगी पडते. माळी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम रोपवाटिका काढू इच्छिणाऱ्यांस उपयुक्त आहे. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याचे कृषी अभ्यासक्रम शेती करता करता घरी अभ्यास करून पुरे करता येतात. विषयांची पुस्तके मराठीत आहेत, ही त्यातील मोठी सोय होय.

आयटीआयकडे आपले लोक थोडे कमीपणाने पाहतात, ते बरोबर नाही. गावात मोटर जळली, ट्रॅक्टर बंद पडला, ठिबकचा संच बिघडला, तर तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत पीक वाळते. वीजतंत्री किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा घरची शेती सांभाळून गावात चांगला व्यवसाय करू शकतो. कृषी विज्ञान केंद्रांतील अल्प मुदतीची प्रशिक्षणे तर पदवीधर असो वा नसो, सर्वांनीच घ्यावीत. दुग्धव्यवसाय, शेळीपालन, अळिंबी, फळप्रक्रिया, माती परीक्षण असे विषय त्यांत असतात.

प्रवेशापूर्वी महाविद्यालय पाहून यावे

बी.एस्सी. (कृषी) प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखा आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. पशुवैद्यकीय पदवीसाठी 'नीट' परीक्षा द्यावी लागते. म्हणून हा विचार बारावीनंतर नव्हे, तर दहावीनंतर शाखा निवडतानाच करावा. शेतकरी कुटुंबातील उमेदवाराला सातबाऱ्याच्या आधारे मिळणारा गुणांचा लाभ, उत्पन्नाचा दाखला, जातीचा व वैधता दाखला यांसाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी आणि दाखले उन्हाळ्यापूर्वीच काढून ठेवावेत. प्रवेशाच्या गर्दीत ते मिळत नाहीत.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जुवाला जुंपून पाहतो. महाविद्यालय निवडताना मात्र जाहिरात पाहून पैसे भरले जातात. मुलाला घेऊन एक दिवस तेथे जावे. महाविद्यालयाचे स्वतःचे प्रक्षेत्र किती एकर आहे आणि त्यावर सध्या कोणती पिके उभी आहेत ते पाहावे. प्रयोगशाळेतील उपकरणांवर धूळ आहे की वापराच्या खुणा, ते पाहावे. कोणत्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे आणि कोणता विषय तासिका तत्त्वावर चालतो, हे कार्यालयात न विचारता शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. मागील दोन तुकड्यांतील मुले आज काय करतात, हेही तेच सांगतील. महाविद्यालय कृषी विद्यापीठाशी संलग्न असल्याची खात्री विद्यापीठाकडून करून घ्यावी आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची छापील पावती घ्यावी. पावती देण्यास टाळाटाळ झाली, तर त्या ठिकाणी प्रवेश घेऊ नये.